उंची ओळखून आपोआप पाणी भरणारी मशीन: बादलीला चालते मग हंड्याला का सांडते?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गावात ग्रामपंचायतीचा आरओ प्लांट आहे, पाच रुपयाचं नाणं टाकलं की वीस लिटर पाणी येतं, पण सगळे काही वीस लिटरचा जार आणत नाहीत, कोणी बारा लिटरचा हंडा आणतं, कोणी कळशी, कोणी शाळेची बाटली, आणि उरलेलं पाणी सरळ खाली गटारात. म्हणून तू डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून भांड्याची उंची ओळखून आपोआप थांबणारी तोटी करायला घेतलीस. तोटीच्या बाजूला वरून खाली बघणारा एचसी-एसआर०४ लावलास, म्हणजे आवाजाची लाट सोडून अंतर मोजणारा सेन्सर, खाली आर्डुइनो, म्हणजे कोड चालवणारा छोटा बोर्ड, आणि १२ व्होल्टचा सोलेनॉइड वॉल्व्ह, विजेवर उघडणारा. घरी बादलीला एकदम बरोबर थांबतं, प्लांटवर नेलं की हंडा एकतर उतू जातो नाहीतर अर्ध्यातच बंद पडतो, आणि दुपारी आकडे सकाळपेक्षा वेगळे येतात. आता विचारतोयस की सेन्सर कोणता घेऊ.

सेन्सर नंतर घेऊ. मी लातूरकडे ही पाण्याची एटीएम, डोझिंग पॅनल, असली कामं अठरा वर्षं करतोय, आणि तू जी चूक केलीस तीच मी पहिल्या मशीनला केली होती त्यामुळे तुला नावं ठेवत नाही. चूक अशी आहे की वरून बघणाऱ्या सेन्सरला भांड्याची उंची दिसतच नाही. नीट विचार कर. बादली खाली ठेवली, वरून आवाजाची लाट सोडली, ती कुठे आपटून परत येणार? बादलीच्या तळाला. काठ तर बाजूला आहे, पातळ आहे, त्याच्यावरून येणारा प्रतिध्वनी इतका कमजोर असतो की बहुतेक वेळा मिळतच नाही. मग घरी चाललं कसं? कारण तू कोडमध्ये तुझ्या बादलीचा काठ किती सेंटिमीटरवर आहे ते आधीच टाकलेलं असणार, किंवा चार भांड्यांचं टेबल केलं असणार. म्हणजे मशीनने उंची ओळखली नाही, तू सांगितलीस.

तर दोन वेगळे प्रश्न आहेत. काठ कुठे आहे हा पहिला आणि आत पाणी कुठवर आलंय हा दुसरा. काठ बाजूने बघावा लागतो आणि पाणी वरून. एकाच सेन्सरकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की असं होतं. आणि तिसरा प्रश्न, जो पोरं विसरतातच, किती लिटर गेलं.

आता हंड्याकडे येतो कारण सगळी गंमत तिथेच आहे. हंड्याच्या पोटाचा व्यास समज ३० सेंटिमीटर, गळ्याचा १०. तोटीतून मिनिटाला १२ लिटर येतंय म्हणजे सेकंदाला २०० मिली. पोटाचं क्षेत्रफळ साधारण ७०० चौरस सेंटिमीटर, तिथे पाणी सेकंदाला जेमतेम पाव सेंटिमीटरच्या थोडं वर चढतं, आरामात. गळ्यात आलं की क्षेत्रफळ ७८ वर येतं, व्यास तिसरा हिस्सा झाला म्हणजे वेग नऊपट, सेकंदाला अडीच सेंटिमीटर! आता तुझा कोड आठव. लूपच्या शेवटी डिले हजार, म्हणजे हजार मिलिसेकंद थांब, असं टाकलंय का? नव्वद टक्के पोरं टाकतात, कॉम्प्युटरच्या सिरियल मॉनिटरवर आकडे नीट वाचता यावेत म्हणून, आणि नंतर काढायचं राहून जातं. तो एक सेकंद म्हणजे गळ्यात अडीच सेंटिमीटर. त्यावर वॉल्व्ह बंद व्हायला अर्धा सेकंद, म्हणजे अजून सव्वा. तू काठाच्या तीन सेंटिमीटर खाली थांबवायला सांगितलं होतंस, ते इथेच संपलं. बादलीत हाच दीड सेकंद अर्धा सेंटिमीटर सुद्धा होत नाही म्हणून घरी कळलं नाही.

आणि हे पण तेव्हा, जेव्हा सेन्सरला गळ्यातलं पाणी दिसतंय असं धरलं तर. दिसत नाही. एचसी-एसआर०४ चा झोत साधारण पंधरा अंशाचा पसरतो, तीस सेंटिमीटर अंतरावर तो आठ सेंटिमीटर रुंद झालेला असतो. दहाच्या गळ्यात आठचा झोत बरोबर मधोमध सोडायचा तर सेन्सर अगदी मध्यावर पाहिजे, पण मध्यावर तर तोटी आहे. म्हणून तू सेन्सर बाजूला घेतलास, आणि बाजूला घेतला की तो बघतो हंड्याच्या खांद्याकडे. खांदा उतरता, गुळगुळीत, पितळ नाहीतर स्टील. लाट तिरपी आपटून भलतीकडेच निघून जाते, परत येतच नाही किंवा भिंतीवर आपटून उशिरा येते. उशिरा आली की मशीनला वाटतं भांडं अजून रिकामं आहे, चालू दे पाणी. बाटलीचं तर विचारूच नकोस, अडीच सेंटिमीटरच्या तोंडात वरून आवाज सोडून काही कळत नाही.

माझ्या पहिल्या मशीनच्या वेळी नेमकं हेच झालं. उद्घाटनाला सरपंच, चार मेंबर, नारळ फोडला, आणि पहिली आजी तांब्याची घागर घेऊन आली. घागर भरली, उतू गेली, आजीचे पाय भिजले, पाणी चालूच. शेवटी मी मेन कॉक बंद केला. आजी म्हणाली, "का रं लेकरा, ह्याला दिसंना व्हय?" आता काय सांगू, खरंच दिसत नव्हतं त्याला. लातूरात तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, पहिली गाडी १२ एप्रिलला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या भागातली माणसं सांडलेल्या पाण्याकडे कशी बघतात ते वेगळं सांगायला नको. त्यातून आरओचं पाणी, छोट्या प्लांटवर एक लिटर चांगलं निघताना तेवढं तरी रिजेक्टला, म्हणजे फेकून द्यायच्या पाण्यात, जातंच, त्यामुळे सांडलेला लिटर दुप्पट महाग.

बरं, मग काय करायचं.

काठ ओळखायला बाजूने प्रकाशाचा पडदा लाव. ट्रेच्या डाव्या बाजूला उभी पट्टी, तिच्यावर दर दोन सेंटिमीटरला एक ९४० नॅनोमीटरचा आयआर एलईडी, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचा दिवा, समोर उजव्या बाजूला तितकेच रिसीव्हर. वीस लिटरचा जार साधारण अर्धा मीटर उंच असतो, म्हणजे पंचवीस-अठ्ठावीस जोड्या लागतील. भांडं ठेवलं की खालच्या किरणांना आड येतं, वरचे मोकळे राहतात, सगळ्यात वरचा अडलेला किरण म्हणजे काठ, एखाद सेंटिमीटर इकडे तिकडे. एवढं पुरतं. रिसीव्हर म्हणून नुसता फोटोडायोड, म्हणजे कुठलाही उजेड पकडणारा, लावू नकोस, शेडमध्ये सकाळचं ऊन तिरपं आत आलं की सगळे रिसीव्हर आंधळे. ३८ किलोहर्ट्झवर चालणारे रिमोटवाले रिसीव्हर वापर, ऊन त्यांना फार त्रास देत नाही. पण एक खाच आहे, टीव्हीच्या रिमोटसाठीचे टीएसओपी१७३८ सतत येणारा ३८ किलोहर्ट्झ ऐकला की त्याला गोंगाट समजून दाबून टाकतात, पोरं दोन दिवस डोकं खाजवतात की सुरुवातीला चालतं आणि मग आपोआप बंद का. त्यांना छोटे छोटे झटके द्यायचे, प्रत्येकात वीस-बावीस लाटा, मग थोडी विश्रांती. नाहीतर विशाय कंपनीचे टीएसएसपी मालिकेतले घे, ते अडथळा ओळखायलाच केलेत, त्यांना सतत चालतं. आणि एका वेळी एकच एलईडी पेटव, शिफ्ट रजिस्टरवरून (थोड्या पिनांवर बरेच एलईडी चालवणारी चिप), म्हणजे शेजारच्याचा उजेड ह्याच्यात मिसळत नाही. एक झटका अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास, विश्रांती धरून अख्खी पट्टी शंभर मिलिसेकंदाच्या आत वाचून होते.

आता प्लांटवर काय काय होतं ते सांगतो, हे कुठल्याच डेटाशीटमध्ये नाही.

बादलीची कडी. कडी उभी राहिली की पडद्याला बादली पंधरा सेंटिमीटर जास्त उंच वाटते, मशीन खुशाल वरपर्यंत भरत सुटते. उभी कडी किरणांना आडवी असेल तर मध्ये रिकामी जागा दिसते, काठ, मग मोकळे किरण, मग वर एक अडलेला, त्यावरून ओळखता येतं, म्हणून कोडमध्ये तळापासून सलग अडलेलेच किरण मोज आणि पहिला मोकळा आला की थांब. पण कडी किरणांच्या रेषेतच उभी असेल तर खालपासून वरपर्यंत सगळं सलग अडतं, तिथे कोड काही करू शकत नाही. मी शेवटी ट्रेच्या वर एक आडवी सळई लावली, बादली आत सरकवताना कडी तिला लागून आपोआप पडते. दहा रुपयांची सळई, पण तिने जे काम केलं ते सॉफ्टवेअरने झालं नसतं.

साडीचा पदर, ओढणी, शर्टाची बाही. बाई वाकून हंडा नीट करते तेव्हा पदर पडद्यात येतो आणि उंची एकदम साठ सेंटिमीटर. म्हणून वाचन सलग दीड-दोन सेकंद स्थिर असल्याशिवाय पाणी सोडायचंच नाही, आणि पाणी चालू असताना उंची बदलली तर ताबडतोब थांबवायचं.

चुंबळ. शहरातल्या पोरांना माहीतच नसते. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवायची कापडाची गुंडाळी, बायका हंडा ट्रेवर ठेवताना तीच खाली घालतात म्हणजे गोल बूड डुगडुगत नाही. चार-पाच सेंटिमीटर वाढले. काठ कुठे आहे हे बरोबरच येतं त्यामुळे सांडण्याचा प्रश्न नाही, पण तू उंचीवरून लिटर काढत असशील तर ते चुकतं. आणि उंचीवरून लिटर काढूच नकोस, हे वेगळं ठळक लिहून ठेव. तितक्याच उंचीची बाटली एक लिटरची असते आणि पातेलं पाच लिटरचं.

पारदर्शक बाटली आणि जार. आयआर आरपार जातो. भरलेला जार तर भिंगासारखं काम करतो, किरण भलत्या रिसीव्हरवर जाऊन पडतात, मधले काही अडलेले दिसतात काही मोकळे, आणि भरताना बदलत जातात. कारखान्यात ह्यावर १४५० नॅनोमीटरचे सेन्सर वापरतात, त्या लांबीचा उजेड पाणी चांगलाच शोषून घेतं म्हणून पाणी भरलेली बाटली काळी दिसते, पण ते तुझ्या बजेटमधलं नाही. आपल्याकडचा उपाय साधा, जारला आणि बाटलीला उंचीवर सोडायचंच नाही, त्यांना लिटरवर भरायचं. वीस लिटरचा जार वीस लिटरचाच असतो, त्यात ओळखायचं काय आहे? बटण ठेव.

आता वरचा सेन्सर. तो काढू नकोस, त्याचं काम बदल. तोंड रुंद असलेल्या भांड्यात, म्हणजे बादली, टोप, पातेलं, पाणी कुठवर आलं ते तो चांगलं सांगतो. पडद्याने दिलेला काठ आणि ह्याने दिलेली पातळी, दोघांत तीन सेंटिमीटर उरले की बंद. फक्त पाण्याची धार त्याच्या झोतात येता कामा नये, तोटीपासून सात-आठ सेंटिमीटर लांब लाव. पाणी हलतं, लाटा येतात, म्हणून एका वाचनावर विश्वास नको, पाच वाचनं घे आणि मधलं घे. सरासरी घेऊ नकोस, एक वेडं वाचन सरासरीला ओढून नेतं, मधल्याला काही होत नाही. दोन वाचनांत साठ मिलिसेकंद तरी सोड नाहीतर आधीचा प्रतिध्वनी पुढच्यात मिसळतो.

आणि दुपारचं कोडं. आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून आहे, शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर आणि पुढे दर अंशाला साधारण ०.६ मीटर वाढतो. तू ५८ ने भागतोयस ना? तो आकडा वीस अंशाच्या आसपासचा आहे. समज सेन्सर ट्रेपासून ७५ सेंटिमीटर वर आहे. सकाळी वीस अंशाला लाट जाऊन यायला साधारण ४३७० मायक्रोसेकंद लागतात, मे महिन्यात पत्र्याखाली ४२ अंशाला ४२००. ५८ ने भाग, सकाळी पंचाहत्तर, दुपारी बहात्तर. ट्रे तीन सेंटिमीटर वर आला! पोरं ह्यावर तापमानाचा सेन्सर लावतात, त्याचं कोड, त्याची वायर, तो पण एक दिवस बिघडणार. काही गरज नाही. ट्रे तर जागच्या जागीच आहे ना, त्यालाच मोजपट्टी कर. भांडं नसताना दर मिनिटाला ट्रेची वेळ मोजून ठेव, भांडं आल्यावर आलेल्या वेळेला तिने भाग, गुणिले पंचाहत्तर. तापमान वर-खाली दोन्हीकडे सारखं असल्यामुळे कटून जातं. मला हे सुचायला चार वर्षं लागली आणि सुचल्यावर स्वतःचाच राग आला. ह्याचा दुसरा फायदा असा की ट्रेची वेळ एकदम विचित्र यायला लागली, म्हणजे सेन्सरवर दव साठलंय किंवा कोळ्याने जाळं केलंय, तर मशीनला स्वतःलाच कळतं आणि ती पाणी सोडायचं नाकारू शकते.

एचसी-एसआर०४ पाण्याजवळ फार टिकत नाही, जाळीत ओल शिरते, काही महिन्यांत बहिरा होतो. म्हणून लोक वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर०४टी घेतात, कारच्या बंपरमध्ये असतो तसल्या डोळ्याचा. घे, पण त्याला जवळचं दिसत नाही, वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आत काहीही आलं की आकडा अडकून बसतो किंवा खोटा येतो. म्हणजे सगळ्यात उंच भांड्याच्या काठापासून तो पंचवीस सेंटिमीटर वर पाहिजे, अर्धा मीटरचं भांडं धरलं तर ट्रेपासून पंचाहत्तर. मी वर ७५ उगाच नाही घेतले. तू जुन्याच जागी नवा सेन्सर बसवलास तर बादलीला चालेल आणि उंच भांड्याला फसेल, आणि मग परत मलाच विचारशील.

लेसरवाला व्हीएल५३एल०एक्स घेऊ का असं पण विचारलंयस. स्वच्छ पाण्याच्या पृष्ठभागावरून त्याचा उजेड थोडाच परत येतो, बाकीचा आत घुसून तळाला आपटून येतो, मग आकडा ना पाण्याचा ना तळाचा. दुधाला चालेल.

आता लिटर. अर्धा इंचाचा वायएफ-एस२०१ फ्लो सेन्सर लाव, त्याचं चाक फिरतं तसे विजेचे ठोके म्हणजे पल्स येतात, लिटरला साधारण ४५० देतो म्हणतात. म्हणतात तेवढंच. प्रत्येक नगाला वेगळे येतात, प्रवाह बदलला की अजून वेगळे, मिनिटाला लिटरच्या खाली गेलं तर चाक फिरेनासं होतं. तू स्वतः काढ. वजनकाट्यावर रिकामा जार ठेव, मशीनच्याच पाइपने, मशीनच्याच प्रवाहाने भर, पल्स मोज, किलो म्हणजेच लिटर. असं दहा वेळा कर आणि तो आकडा कोडमध्ये टाक. पंपावर एक दिवस आणि टाकीवर एक दिवस केलंस तर फरक डोळ्यांनी दिसेल. पंचायत पैसे घेऊन लिटरवर पाणी देते, त्यामुळे वीसच्या जागी एकोणीस गेलं तर ते माप मारणंच झालं, वाण्याच्या तराजूसारखं, वैधमापनवाला विचारू शकतो आणि गावातली माणसं तर विचारतातच.

लोडसेलचा रस्ता पण आहे, ट्रेखाली वजन मोजणारा लोडसेल आणि त्याचे आकडे वाचणारी एचएक्स७११ चिप, भांडं ठेवलं की शून्य करायचं आणि वजनावर भरायचं. पारदर्शक, स्टील, तांबं, कशाचं काही घेणं नाही, मला मनापासून हाच आवडतो. पण प्लांटवर बायका भांडं ठेवत नाहीत, आदळतात. २० किलोचा लोडसेल वीस लिटरच्या जारखाली दोन आठवड्यांत वाकडा झाला होता माझा. ५० किलोचा घे आणि खाली बोल्टचा अडसर दे म्हणजे एका मर्यादेपलीकडे तो वाकूच शकणार नाही. पण लोडसेलला सुद्धा काठ कुठे आहे ते कळत नाही हे विसरू नकोस, त्याला फक्त किती गेलं ते कळतं.

वॉल्व्हबद्दल. बाजारात मिळणारा तो पांढरा प्लास्टिकचा १२ व्होल्टवाला, त्यावर ०.०२ मेगापास्कल लिहिलेलं असतं, म्हणजे कमीत कमी दोन मीटर पाण्याचा दाब. तुझी टाकी स्टँडवर दीड मीटर वर आहे असं लिहिलंयस. मग तो नीट उघडणारही नाही आणि नीट मिटणारही नाही, ठिबकत राहील, अर्ध्यातच बंद पडतं म्हणतोयस त्याचं एक कारण हे असू शकतं. एकतर पंपाच्या दाबावर चालव नाहीतर शून्य दाबावर चालणारा डायरेक्ट ॲक्टिंग घे, महाग आहे पण इलाज नाही. कॉइलला उलटा डायोड टाक, १एन४००७ चालतो, नाहीतर वॉल्व्ह बंद होतानाच्या झटक्याने आर्डुइनो रिसेट होतो, आणि रिसेट झाल्यावर पिना हवेत असतात, म्हणजे चालू की बंद काहीच ठरलेलं नसतं. वॉल्व्ह चालू-बंद करणाऱ्या मॉसफेटच्या गेटला ग्राउंडकडे दहा किलोओहमचा रेझिस्टर दे म्हणजे बोर्ड मेला तरी वॉल्व्ह बंदच राहील. मॉसफेटच्या जागी रिले वापरू नकोस, एक दिवस चिकटतो, आणि चिकटतो तो चालू अवस्थेतच, माझं नशीब तरी असंच आहे.

हंड्यासाठी खरा उपाय दोन वॉल्व्हचा. एक मोठा, मिनिटाला बारा लिटरवाला, आणि त्याला समांतर एक बारीक, मिनिटाला दोन लिटरवाला. पडद्याने सांगितलेल्या काठाच्या खाली गळा असणार असं धरून चाल, म्हणजे वरच्या एक तृतीयांश उंचीचं पाणी बारीक धारेनेच सोड. पण पाणी कुठवर आलं हे हंड्यात दिसत नाही म्हटलं ना? म्हणून इथे लिटर वापर. हंड्याचं बटण वेगळं, दहा-बारा-पंधरा, त्यातले शेवटचे दोन लिटर बारीक धारेने, आणि थांबवायचं एक मोठं लाल बटण. बाई उभी असतेच समोर. गळ्यात मिनिटाला दोन लिटरने पाणी सेकंदाला अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी चढतं, तिला बटण दाबायला भरपूर वेळ मिळतो. हो, म्हणजे हंड्याला शंभर टक्के आपोआप नाही. परीक्षकांनी विचारलं तर खरं सांग.

परदेशातल्या मशीन बघून पोरांना वाटतं तिथे सगळं सोडवलंय. अमेरिकेत विमानतळावर बाटली भरायच्या ज्या एल्केच्या मशीन असतात त्या उंची बिंची काही मोजत नाहीत, समोर काहीतरी आहे एवढंच बघतात आणि वीस सेकंदांनी स्वतःहून बंद होतात, बाटली भरली की माणूस काढून घेतो. जीईच्या काही फ्रीजमध्ये ग्लास ठेवला की सेन्सर बघून आपोआप भरतो, पण तिथे ग्लास आणि जग आहेत, घागर नाही. आपल्याकडे रेल्वेने २०१५ पासून स्टेशनांवर पाण्याच्या मशीन लावल्या, रुपयाला तीनशे मिली, पाचला लिटर असे दर होते, तिथेही ठरलेलं माप, उंची नाही. तुझी अडचण त्यांच्यापेक्षा अवघड आहे, कारण तुझ्याकडे येणारं प्रत्येक भांडं वेगळं.

एक सुचवतो, करून बघ, प्रोजेक्टला वजन येईल. माझी आजी अंधारात माठ भरायची आणि कधी सांडायचं नाही, कानाने ओळखायची. पाणी वर चढतं तशी वरची हवेची पोकळी लहान होते आणि आवाज चढत जातो. सरळ भांड्यात वीस सेंटिमीटर पोकळी असेल तर साधारण ४३० हर्ट्झ, पाच राहिली तर १७०० च्या वर. हंड्याचं गणित वेगळं, गळ्यामुळे तो बाटलीत फुंकर मारल्यासारखा वाजतो, पण आवाज चढतो हे नक्की. एक साधा माइक तोटीजवळ लावून आवाजाची पट्टी कशी सरकते ते बघ. मी शेडमध्ये करून पाहिलंय, पंपाचा घरघराट मध्ये येतो, पण बारीक धारेवर पंप बंद ठेवून टाकीवरून पाणी घेतलं तर गळ्यात आल्यावर आवाज चढलेला स्पष्ट कळतो. तिथे मी अडकलो कारण बारा तास तिथे बसायला वेळ नाही, तुझ्याकडे अख्खं सेमिस्टर आहे.

सुरक्षेचं दोन ओळींत. काहीही झालं तरी नाण्याच्या लिटरपेक्षा जास्त पाणी जाता कामा नये, काहीही झालं तरी तीन मिनिटांच्या वर वॉल्व्ह उघडा राहता कामा नये, आणि ट्रेखाली एक फ्लोट स्विच, पाणी साठलं की तरंगून वीज तोडणारा, थेट वॉल्व्हच्या वायरीत टाक, आर्डुइनोला न विचारता. ट्रे तुंबला की वीज तुटली, विषय संपला.

आणि एक गोष्ट जी तू विचारली नाहीस. वीस लिटरचं नाणं टाकून बारा लिटरचा हंडा भरला की उरलेले आठ लिटर मशीनने लक्षात ठेवले पाहिजेत. हंडा उचलला की पडदा मोकळा होतो, पाणी थांबलेलंच आहे, स्क्रीनवर "उरलेलं ८", दुसरी कळशी ठेवली की पुढे चालू. माझ्या मशीनमध्ये लोकांना सगळ्यात जास्त हेच आवडलं. उंची बरोबर ओळखते म्हणून एकानेही कौतुक केलं नाही, पण उरलेलं पाणी मिळतं म्हणून शेजारच्या वाडीतून माणसं यायला लागली. हे दोन मिनिटं लक्षात ठेव, त्यानंतर पुसून टाक, नाहीतर मागचा माणूस पुढच्याच्या आठ लिटरवर हात मारतो आणि मग भांडण प्लांटवर.

आता बादलीवर चाचणी बंद कर. शेजारून एक हंडा, एक घागर, एक कडीची बादली आणि एक जार मागून आण, चुंबळ पण माग. आधी नुसते पडद्याचे आकडे वहीत लिही, पाणी सोडू नकोस. सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सात, तीन दिवस, रिकाम्या ट्रेची वेळ पण लिही. ते आकडे टाक इथे, मग वॉल्व्हचं बघू.